गव्याची शिंगं, कवड्यांची झालर

छत्तीसगडची ओळख म्हणून एक चित्र रायपूरमध्ये सतत वापरलं जातं. दोन बाजूंना वळलेली शिंगं, मधे पिसांचा तुरा आणि चेहऱ्यावर कवड्यांच्या सरांचा पडदा. शबरी एम्पोरियम या हस्तकलेच्या सरकारी दुकानात ढोकरा कामाच्या, म्हणजे मेणाच्या साच्यावरून ओतलेल्या, वीतभर पितळी पुतळ्यांवर ते दिसतं, पर्यटनाच्या जाहिरातींत दिसतं, सरकारी समारंभांत मान्यवरांच्या डोक्यावरही चढतं. डिसेंबर २०१९ मध्ये सायन्स कॉलेजच्या मैदानावर राष्ट्रीय आदिवासी नृत्य महोत्सव झाला, तेव्हा देशभरच्या वर्तमानपत्रांत छापून आलं ते याच शिंगांचं छायाचित्र. इतकं ओळखीचं झाल्यामुळे ही वस्तू आहे तरी काय, कुणी केली, कशाची केली, हे विचारायचं मात्र राहून जातं.

हा मुकुट दंडामी माडिया या आदिवासी समाजाचा. त्यांची वस्ती इंद्रावतीच्या दक्षिणेला, आजच्या बस्तर आणि दंतेवाडा जिल्ह्यांत. रायपूरहून धमतरी, कांकेर, केशकालचा घाट, कोंडागाव करत जगदलपूर सुमारे तीनशे किलोमीटर पडतं आणि माडियांची गावं त्याच्याही पुढे सुरू होतात. हे अंतर ध्यानात ठेवायला हवं. कारण मुकुट जिथे घडतो ती जागा एक, आणि बाहेरच्या माणसाला तो जिथे भेटतो ती दुसरी.

मुळात ती एक टोपी आहे. बांबूच्या कामट्यांचा डोक्याच्या मापाचा साचा, त्याला कापडाचे वेढे, आणि दोन्ही बाजूंना बांधलेली गव्याची शिंगं. गव्याचं शिंग भरीव नसतं. कवटीतून वर आलेल्या हाडाच्या गाभ्यावर ते कवचासारखं चढलेलं असतं. जनावर मेलं की मधलं मऊ अस्तर कुजतं आणि कवच हाडावरून उपसून निघतं. पोकळ असल्यामुळेच एवढं मोठं शिंग माणसाला डोक्यावर घेऊन रात्रभर नाचता येतं. बुडाशी ते फिकट पिवळसर-हिरवट असतं, टोकाला काळं. पॉलिश करावं लागत नाही. हाताळून हाताळून त्याला आपोआप झळाळी येते.

शिंगांच्या मधोमध पिसांचा तुरा. मोराची पिसं, कोंबड्याची पिसं आणि मिळालं तर भृंगराज पक्ष्याचं शेपटीचं पीस. त्या पिसाची लांब दांडी जवळजवळ उघडी असते आणि टोकाला तेवढा पाकळीसारखा पिसारा. नाचताना मोराचं पीस सावकाश डोलतं, भृंगराजाचं टोक मात्र एकसारखं थरथरत राहतं.

पण खरी कारागिरी आहे ती कपाळपट्टीवर आणि तिच्याखाली लोंबणाऱ्या कवड्यांत. कवडीची एक बाजू दातेरी चिरेची, दुसरी फुगीर. फुगीर पाठ फोडून किंवा घासून काढली की कवडी सपाट बसते आणि तिच्यातून दोरा आरपार जातो. मग पट्टीवर एकीला एक लागून कवड्या शिवायच्या आणि पट्टीच्या खालच्या कडेपासून सर सोडायचे. सरांची लांबी सारखी हवी, नाहीतर पडदा एका अंगाला ओढला जातो. दोन सरांमधली फटही मोजून ठेवावी लागते. फार दाट झाली तर नाचणाऱ्याला दिसत नाही, फार विरळ झाली तर चेहरा उघडा पडतो. लमाण बायकांच्या फेटिया-कांचळीवर, म्हणजे घागरा-चोळीवर, ज्यांनी कवड्या पाहिल्या आहेत, त्यांना हे काम लगेच ओळखू येईल. सुई-दोऱ्याने कापडावर केलेलं हे भरतकामच आहे, फक्त त्यात रेशमाच्या जागी शिंपला आहे. मुकुटाबद्दल लिहिणारे शिंगांपाशी थांबतात आणि या कामाला एखादं वाक्य देतात, हे मला फार खटकतं.

शिवाय ही कवडी बस्तरची नव्हेच. ती समुद्रातली. मालदीवच्या उथळ पाण्यातून निघालेल्या कवड्या जहाजांनी बंगाल-ओरिसाच्या बंदरांत येत आणि तिथून चलन म्हणून देशात खोलवर पसरत. ओरिसात एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत कवडी हे रोजचं नाणं होतं. बस्तर ओरिसाला लागून. तेव्हा या मुकुटात बांबू नि शिंग रानातलं असलं, तरी चेहऱ्यापुढे हलणारा पडदा शेकडो कोसांवरच्या समुद्रातून आलेला आहे. ज्या प्रदेशाला आपण सरसकट जगापासून तुटलेला म्हणतो, त्याच्या टोपीतच व्यापाराचा एवढा लांब रस्ता शिवलेला असावा! आपल्याकडे आराध्यांच्या गळ्यात कवड्यांची माळ आणि वासुदेवाच्या डोक्यावर मोरपिसांची टोपी आहे. माडियांच्या मुकुटात ही दोन्ही द्रव्यं एकत्र येतात, म्हणून मराठी माणसाला तो पाहताक्षणी पूर्ण परका वाटत नाही.

आता गवा. रानातल्या गोवंशात याच्याएवढं मोठं जनावर जगात दुसरं नाही. वयात आलेला नर हजार किलोच्या घरात जाऊ शकतो. पाठीवर उंचवटा, अंग काळंभोर आणि पाय गुडघ्यापासून खाली पांढरट, जणू मोजे घातलेत. इंग्रज शिकाऱ्यांनी त्याला बायसन म्हटलं आणि चुकीचं असूनही ते नाव चिकटलं. कोल्हापूरच्या दाजीपूर-राधानगरीला आपण अजूनही ‘बायसनचं अभयारण्य’ म्हणतोच. एवढं धूड असूनही गवा बुजरा आहे. डिसेंबर २०२० मध्ये पुण्यात कोथरूडला वाट चुकून आलेला गवा माणसांच्या पाठलागाने आणि गोंगाटाने कसा मेला, ते अनेकांना आठवत असेल. माडियांना हा बुजरेपणाही ठाऊक आहे आणि माजावर आलेल्या नराचा आवेशही. नाचात दोन्ही येतं.

हा नाच प्रामुख्याने लग्नाचा आणि सणांचा. पुरुषांच्या गळ्यात लांबलचक ढोल, डोक्यावर शिंगं. बायकांच्या कपाळाला पितळी पट्टी, गळ्यात मण्यांचे पुंजके आणि हातात वाजणारी लोखंडी काठी. ती काठी जमिनीवर आपटत बायका ताल धरतात. ढोलांचा गदारोळ कितीही वाढला तरी नाच बांधून ठेवतो तो हा जमिनीतून येणारा ठोका. पुरुषांचं कडं फिरत असताना मधेच दोघे समोरासमोर येतात, मान खाली घालून शिंगाला शिंग भिडवतात, मागे सरतात, पुन्हा झेपावतात. कुणी वाकून शिंगांनी गवताची पेंढी उचलून हवेत उडवतो. कुणी मुलींच्या रांगेवर चाल करून जातो. आणि हे सगळं चालू असताना चेहरा कुणाचाच दिसत नाही. घरचा माणूस कोणता आणि शेजारचा कोणता, हे लांबून सांगता येत नाही. दिसतो तो कळप. कवड्यांचा पडदा नेमका याचसाठी आहे असं मला वाटतं. पडदा काढला तर शिंगं घातलेली माणसं उरतील, कळप उरणार नाही.

या मुकुटानेच बाहेरच्या जगात या लोकांचं नाव ठरवलं. डब्ल्यू. व्ही. ग्रिगसन हा आय.सी.एस. अधिकारी १९२७ ते १९३१ या काळात बस्तर संस्थानचा प्रशासक होता. त्याचा ‘द माडिया गोंड्स ऑफ बस्तर’ हा ग्रंथ १९३८ मध्ये आला. त्यात त्याने अबुजमाडच्या डोंगरातले माडिया आणि इंद्रावतीच्या दक्षिणेचे माडिया वेगळे काढले आणि दुसऱ्यांना नाचातल्या मुकुटावरून ‘बायसन-हॉर्न माडिया’ म्हटलं. त्यानंतर मानववंशशास्त्रज्ञ व्हेरियर एल्विनने त्यांच्यावर विस्ताराने लिहिलं. मराठी वाचकाला माडिया भेटला तो मात्र दुसऱ्या वाटेने. भामरागड, हेमलकसा, १९७३ साली बाबा आमट्यांनी तिथे सुरू केलेला लोकबिरादरी प्रकल्प, ही ती वाट. इंद्रावती तीच. एका काठाला गडचिरोली, दुसऱ्या काठाला बस्तरचा मुलूख. राज्यांच्या सीमा नंतरच्या. बस्तर १७७८ च्या कोटपाडच्या तहापासून नागपूरकर भोसल्यांचं मांडलिक होतं, आणि रायपूरचा कारभार १९५६ पर्यंत नागपूर राजधानी असलेल्या प्रांतातूनच चालत असे.

१९७२ मध्ये वन्यजीव संरक्षण कायदा आला. गवा पहिल्या अनुसूचीत, म्हणजे वाघाच्या पंक्तीत, गेला. शिकार बंद. ज्यांच्याकडे शिंगं होती त्यांनी ती वनखात्याला कळवायची. वारशाने मुलाकडे जाऊ शकतात, विकता येत नाहीत. पुढे १९८१ मध्ये इंद्रावती आणि १९८२ मध्ये जगदलपूरच्या दक्षिणेला कांगेर घाटी, अशी दोन राष्ट्रीय उद्यानं झाली. राष्ट्रीय उद्यानातून शिंगच काय, बांबूची काडी किंवा गळून पडलेलं पीसही उचलायला मनाई. कवड्या सोडल्या तर ज्या रानाच्या जिनसांतून हा मुकुट बनला होता, त्यातला हा भाग कायद्याने बंद झाला.

हे चूक होतं असं मी म्हणणार नाही. मध्य भारतातल्या गव्याची अवस्था पाहिली तर तसं म्हणवतच नाही. बांधवगडात तर १९९८ नंतर एकही गवा उरला नव्हता. २०११ आणि २०१२ मध्ये कान्ह्याहून पन्नास गवे तिथे नेऊन सोडावे लागले. गुरांचे रोग, जंगलतोड, बंदुकीची शिकार, या सगळ्यांनी मिळून गव्याची ही अवस्था झाली. नाचासाठी लागणारी शिंगं त्यात किती, याचा विचार कायदा करत बसला नाही. करणं त्याला शक्यही नव्हतं. पण किंमत दोघांनी सारखी मोजली नाही, हेही खरं. शहरात भिंतीवर शिकारीची मुंडकी लावणाऱ्यांचा शौक तेवढा गेला. माडियांच्या लग्नातली वस्तू गेली.

ती पुरती गेली नाही, हे श्रेय माडियांचं. जुनी शिंगं बापाकडून मुलाकडे येत राहिली आणि लग्नसराईत एकमेकांना उसनी दिली जाऊ लागली. जिथे ती नव्हती तिथे गुरांची शिंगं, कोरलेलं लाकूड, हाताला लागेल ते साच्यावर चढलं. कामट्यांचा साचा तोच राहिला, कवड्यांची शिवण तीच राहिली.

रायपूरच्या मंचावर पथक उतरलं की प्रेक्षकांतून हमखास एक प्रश्न येतो: शिंगं खरी आहेत का? नकारार्थी उत्तर आलं की विचारणाऱ्याचा चेहरा पडतो. मला हा प्रश्नच उलटा वाटतो. शिंग गव्याने वाढवलं, त्यात माणसाची कला नाही. माणसाने केलं ते बाकीचं सगळं: साचा डोक्याला न रुतता बसवणं, दोन्ही बाजूंचा तोल साधणं, कवडी न तडकवता तिची पाठ उघडणं, पन्नास सर एका लांबीचे सोडणं. लाकडी शिंगांच्या मुकुटात ही कला पूर्णपणे खरी असते. उलट जाणत्या हातांनी न शिवलेली झालर लावून खऱ्या गव्याची शिंगं मिरवली, तर तो मुकुट अर्धाच.

रान डोक्यावर घेण्याची दुसरी एक तऱ्हाही आहे. अमेरिकेत जोशुआ ट्री, सग्वारो अशी वाळवंटी राष्ट्रीय उद्यानं आहेत. तिथे येणाऱ्यांसाठी निवडुंग, तांबडे डोंगर नि मावळतीचं आभाळ भरतकामात काढलेल्या टोप्या विकल्या जातात. पाहुणा रानातून परतताना रानाचं चित्र डोक्यावर घेऊन जातो. त्यात वावगं काही नाही. बस्तरला मात्र रानात राहणाऱ्यांनी रानाचे तुकडेच डोक्यावर घेतले, आणि ते विकायला नव्हे तर एकमेकांच्या लग्नात नाचायला. रायपूरच्या दुकानांत या मुकुटाच्या पितळी, लोखंडी, लाकडी प्रतिकृती मिळतात. त्यातून कोंडागावच्या ढोकरा कारागिरांना काम मिळतं, हे चांगलंच आहे. पण झालर शिवणाऱ्या हातांपर्यंत त्यातलं काही पोचत नाही, कारण ते काम कुणी वेगळं मोजतच नाही. महंत घासीदास संग्रहालय रायपूरमध्ये १८७५ पासून आहे, आदिवासी जीवनाचं दालनही तिथे आहे. नवा रायपूरला २००६ साली सुरू झालेलं पुरखौती मुक्तांगण हे खुलं संग्रहालय आहे. अशा ठिकाणी नाचणाऱ्याच्या पुतळ्याशेजारी एक अर्धवट शिवलेली कपाळपट्टी, पाठ उघडलेली कवडी आणि सुई-दोरा ठेवला तर पाहणाऱ्याला पुतळ्यापेक्षा जास्त कळेल.

जिवंत गवा पाहायचा असेल तर रायपूरहून बस्तरपर्यंतही जावं लागत नाही. बारनवापारा अभयारण्य शंभर किलोमीटरच्या आसपास आहे आणि तिथे उन्हाळ्यात पाणवठ्यांवर गवे येतात. मुकुटामागचा विचार पाहायचा असेल तर मात्र फाल्गुनात दंतेवाड्याला जावं. दंतेश्वरी देवीच्या फागुन मडईत, म्हणजे फाल्गुनातल्या जत्रेत, रात्री शिकारीची सोंगं होतात: एका रात्री ससा, एका रात्री चितळ, आणि एका रात्री गँवरमार, म्हणजे गव्याची शिकार. माणूसच गवा होतो, माणसंच शिकारी होतात, ढोलांवर पाठलाग चालतो, गाव कडेला उभं राहून ओरडत असतं. जनावर एकही मरत नाही. मडई होळीच्या सुमारास संपते. रायपूरहून रात्रीच्या बसने जगदलपूर आणि तिथून दुसऱ्या गाडीने दंतेवाडा गाठता येतं.