सोवळ्यातला फेस

ठाण्याच्या एका वाचक मुलीचं पत्र आलं आहे. तिच्या जिवलग मैत्रिणीचं लग्न जूनमध्ये आहे आणि कॉलेजच्या मित्रमंडळींनी मिळून तिचं केळवण करायचं ठरवलंय. पदार्थ वाटून घेतलेत. गोडाचं काम हिच्याकडे आलं आणि हिनं गुलाबी, हार्टच्या आकाराचे मॅकरॉन, म्हणजे अंड्याचा फेस आणि बदाम यांच्या दोन कवचांत सारण भरलेली बिस्किटं, करायचं मनावर घेतलं. सरावाच्या खेपेत काही मॅकरॉन तडकले, तर काहींची वरची खाच भरून गेली आणि ते नुसते गोल झाले. हे दोन प्रश्न विचारून झाल्यावर तिनं तिसरा विचारलाय. प्रत्येक व्हिडिओत बजावतात की अंड्याचा पांढरा भाग फेटण्याआधी भांडं लिंबानं पुसून घ्या, तुपातेलाचा हातसुद्धा लागता कामा नये. हे शास्त्र आहे की सोवळं?

तिसरा प्रश्न वाचून मला फार आनंद झाला. त्याच्या उत्तराच्या मुळाशी जी व्यक्ती आहे, तिच्याविषयी लिहायचं कितीतरी दिवस मनात होतं.

आधी फेसाकडे पाहू. अंड्याच्या पांढऱ्या भागात जवळजवळ ९० टक्के पाणी आणि १० टक्के प्रथिनं असतात. या प्रथिनांचे रेणू घट्ट गुंडाळलेले असतात. बीटर फिरू लागला की हवेचे बुडबुडे आत जातात. पाणी आणि हवा जिथे भेटतात त्या सीमेवर प्रथिनाचा रेणू पोहोचला की तो उलगडतो. त्याचा पाण्याशी न जमणारा भाग हवेकडे तोंड करतो, पाण्याशी जमणारा भाग पाण्यात राहतो. शेजारी शेजारी उलगडलेले रेणू एकमेकांना जोडले जातात आणि बुडबुड्याभोवती पातळ, लवचीक पडदा तयार होतो. फेस उभा राहतो तो या पडद्याच्या जोरावर.

हा पडदा एकूण किती मोठा असतो? तीन अंड्यांच्या पांढऱ्या भागात अर्धा लिटर हवा कोंडली आणि प्रत्येक बुडबुडा एक दशांश मिलिमीटर व्यासाचा धरला, तर सगळ्या बुडबुड्यांचं मिळून क्षेत्रफळ ३० चौरस मीटर भरतं. म्हणजे सव्वातीनशे चौरस फूट, एका वाडग्यात! आता तेलाचा एक थेंब घ्या, ०.०५ मिलिलिटरचा. तेल एका रेणूच्या जाडीचं, म्हणजे सुमारे दीड नॅनोमीटरचं पसरलं तर तो एकच थेंब ३३ चौरस मीटर व्यापतो. हिशेब ढोबळ आहे आणि फेसात तेल असं आदर्शपणे पसरत नाही, हे मान्य. पण एका थेंबात सगळा फेस झाकण्याची ऐपत असते, हे एवढ्यावरूनही कळतं. म्हणून तूप लागलेला चमचा आणि पिवळ्या बलकाचा ठिपका घात करतात. बलकात तर जवळजवळ एक तृतीयांश स्निग्धांशच असतो.

‘एका रेणूच्या जाडीचा थर’ हे शब्द आज आपण सहज लिहितो. हा थर मोजायची रीत सापडली ती जर्मनीतल्या एका घराच्या स्वयंपाकघरात, आणि ती शोधणारी मुलगी कधी विद्यापीठात गेली नव्हती.

ॲग्नेस पॉकल्सचा जन्म १८६२ चा, व्हेनिसचा. तेव्हा ते शहर ऑस्ट्रियाच्या ताब्यात होतं आणि तिचे वडील ऑस्ट्रियाच्या सैन्यात होते. मलेरियानं त्यांची प्रकृती खालावली आणि १८७१ मध्ये कुटुंब जर्मनीतल्या ब्राउनश्वाइग शहरात आलं. ॲग्नेसला भौतिकशास्त्राची विलक्षण ओढ होती, पण मुलींना विद्यापीठाची दारं बंद होती. ती उघडू लागली तेव्हा आईवडिलांची शुश्रूषा आणि घर तिच्या अंगावर होतं. धाकटा भाऊ फ्रीडरिख मात्र ग्योटिंगनला भौतिकशास्त्र शिकायला गेला. आज प्रकाशशास्त्रात ‘पॉकल्स परिणाम’ म्हणून शिकवतात तो त्याच्या नावाचा. तो बहिणीला पुस्तकं पुरवायचा, ती ती वाचायची. आणि उरलेल्या वेळात स्वयंपाक, भांडी, आजाऱ्यांची पथ्यं.

भांड्यांच्या पाण्यावर तेलकटपणा आला की पाण्याचं वागणं बदलतं, हे तिच्या नजरेत भरलं. आपल्याही नजरेत रोज येतं, पण ती मोजायला बसली. १८८० च्या सुमारास, अठराव्या वर्षी तिचे प्रयोग सुरू झाले. पत्र्याचं ७० सेंटिमीटर लांब, ५ सेंटिमीटर रुंद आणि २ सेंटिमीटर खोल पन्हळ तिनं काठोकाठ पाण्यानं भरलं आणि त्यावर आडवी एक पत्र्याची पट्टी ठेवली. पट्टी सरकवली की एका बाजूचा पृष्ठभाग आक्रसतो, दुसऱ्या बाजूचा पसरतो. पृष्ठताण मोजायला तिनं तराजूच्या एका बाजूला ६ मिलिमीटर व्यासाची चकती टांगली. ती पाण्यावर टेकवायची आणि पाण्यापासून सुटायला किती वजन लागतं ते पाहायचं. एवढीच तिची प्रयोगशाळा.

तिला काय दिसलं? लांबलचक सतरंजीवर पंगत बसली आहे असं समजा. माणसं थोडी, जागा भरपूर. भिंत जरा आत सरकवली तरी कुणाला काही जाणवत नाही, कारण खांद्याला खांदा लागलेला नाही. भिंत सरकत राहिली की मात्र एक क्षण असा येतो की सगळे एकमेकांना टेकतात, आणि तिथून पुढे बोटभर सरकायलाही विरोध होतो. पाण्यावरचे तेलकट रेणू तसेच वागले. पट्टी सरकत असताना बराच वेळ पृष्ठताण स्वच्छ पाण्याइतकाच राहिला आणि एका ठरावीक क्षेत्रफळाला पोहोचताच झपाट्यानं उतरू लागला. त्या क्षणी रेणूंची एक पंगत पूर्ण भरलेली असते. आज आपण त्याला ‘पॉकल्स बिंदू’ म्हणतो. तिच्या प्रयोगांचं दुसरं फळ मला तितकंच मोलाचं वाटतं. पाण्याचा पृष्ठभाग आपण समजतो तसा स्वच्छ जवळजवळ कधीच नसतो, हे तिनं ओळखलं. पट्टीनं तो झाडून घेऊन खरोखर स्वच्छ पृष्ठभाग मिळवण्याची रीतही तिनंच बसवली. आमच्या वाचक मुलीचा सोवळ्याचा प्रश्न ॲग्नेसनं फार पूर्वी, फार काटेकोरपणे सोडवला होता.

तिचं काम आसपासच्या प्राध्यापकांनी फारसं मनावर घेतलं नाही. मग इंग्लंडचे लॉर्ड रॅले पाण्यावरच्या तेलाच्या थरांवर प्रयोग करत असल्याचं तिच्या वाचनात आलं. जानेवारी १८९१ मध्ये तिनं त्यांना जर्मनमध्ये पत्र लिहिलं. रॅले यांच्या पत्नीनं त्याचा इंग्रजी अनुवाद केला आणि रॅले यांनी तो ‘नेचर’च्या संपादकांकडे शिफारशीसह पाठवला. १२ मार्च १८९१ च्या अंकात तो ‘सरफेस टेन्शन’ या मथळ्यानं छापून आला. रॅले यांचा हा मोठेपणा विसरू नये. पुढे नोबेल मिळवणाऱ्या या शास्त्रज्ञाला त्या पत्राची मांडणी स्वतःची म्हणून पुढे करता आली असती. त्यांनी ॲग्नेसला तिच्या नावानं बोलू दिलं.

पुढे अमेरिकेत अर्व्हिंग लँगम्युअर यांनी हे पन्हळ सुधारून वापरलं. त्यांचं संशोधन खरोखर मोठं होतं, आणि १९३२ चं रसायनशास्त्राचं नोबेल त्यांना पृष्ठरसायनासाठी मिळालं. पण पाठ्यपुस्तकांत ते उपकरण ‘लँगम्युअर पन्हळ’ झालं आणि ब्राउनश्वाइगच्या बाई तळटीपेत गेल्या. त्याच १९३२ साली, सत्तरीला पोहोचलेल्या ॲग्नेसना ब्राउनश्वाइगच्या तंत्रविद्यापीठानं मानद डॉक्टरेट दिली. १९३५ मध्ये त्या गेल्या. स्वयंपाकघरात विज्ञान आणलं ते ‘मॉलिक्युलर गॅस्ट्रॉनॉमी’नं, असं हल्ली खाद्यविषयक कार्यक्रमांतून वारंवार ऐकू येतं. निकोलस कुर्टी आणि हर्व्हे तीस यांनी १९८८ मध्ये हे नाव दिलं. दोघांबद्दल मला आदर आहे, पण कथा उलट सांगितली जाते. पृष्ठविज्ञानाची पायाभूत रीत स्वयंपाकघरात जन्मली आणि तिथून प्रयोगशाळेत गेली, तीही शंभरेक वर्षं आधी.

आता भांड्याकडे येऊ. प्रथिनं संख्येनं भरपूर असतात, पण तेलाचे रेणू चपळ असतात. ते सीमेवर घुसून जागा अडवतात आणि शेजाऱ्याशी जोडले जात नाहीत, त्यामुळे पडदा विणला जात नाही. तेव्हा तुपाचा हात लागू न देणं हे शुद्ध शास्त्र आहे. लिंबाचं शास्त्र थोडं निराळं आहे. लिंबाच्या रसात तेल विरघळत नाही. तेलकटपणा जातो तो कढत पाणी आणि साबणानं, आणि तो साबणही नीट धुऊन काढायला हवा, कारण साबणाचे रेणूही त्याच जागेसाठी धावतात. उरलेल्या लिंबाच्या अंशाचा फायदा मात्र आहे. प्रथिनं गंधकाच्या बंधांनी अति जोडली गेली की फेस रवाळ होतो आणि पाणी सुटतं. आम्लामुळे ते बंध जुळायला वेळ लागतो. फ्रेंच आचारी तांब्याच्या भांड्यात फेटायचे त्यामागचं कारणही याच प्रकारचं असावं. हॅरोल्ड मॅगी यांनी १९८४ मध्ये दोन सहकाऱ्यांसह ‘नेचर’मध्ये लिहिलं की तांबं अंड्यातल्या एका प्रथिनाला धरून ठेवतं. पुढे चांदीचा मुलामा दिलेल्या भांड्यातही तसाच फेस आला तेव्हा त्यांनी आपलं स्पष्टीकरण बदललं आणि बोट गंधकाच्या बंधांकडे दाखवलं. स्वतःचा छापील सिद्धांत असा मोकळेपणानं बदलणारा लेखक मला फार आवडतो. घरी मात्र स्टीलचं भांडं घ्या. बिनकल्हईच्या तांब्यात लिंबू नकोच.

प्लॅस्टिकचं भांडं टाळा, त्याच्या ओरखड्यांत तेल बसून राहतं. आणि मॅकरॉनमधले बदाम! त्यांत निम्म्याच्या आसपास तेल असतं, पण ते पेशींच्या आत बंद असतं. मिक्सर सलग फिरवला, कूट गरम झाला की ते बाहेर येतं. म्हणून सोललेले, पूर्ण सुकलेले बदाम पिठीसाखरेबरोबर थांबून थांबून वाटायचे आणि चाळून घ्यायचे.

खाच भरून जाण्याचं कारण मिश्रणात आहे. फेटलेल्या फेसात बदाम-साखर मिसळताना आपण मुद्दाम थोडा फेस मोडतो, मिश्रण वाहतं करण्यासाठी. गोल मॅकरॉनला ते सैल असलेलं चालतं. नोझलनं उठलेलं टोक आपोआप बसतं आणि कडा गोल राहतात. हार्टच्या बाबतीत गुरुत्वाकर्षण आणि पृष्ठताण दोघंही आकाराच्या विरोधात असतात. खोलगट खाच भरणं आणि अणकुचीदार टोक बोथट करणं ही त्यांची प्रवृत्तीच आहे. म्हणून मिश्रण चार-सहा फटके आधी थांबवा. बटर पेपरखाली आकार काढून ठेवा, दोन थेंब तिरपे, खालच्या टोकाला मिळतील असे सोडा आणि मधली रेघ टूथपिकनं मिटवा.

तडकण्याचा दोष जूनच्या हवेकडे जातो. ओव्हनमध्ये घालण्यापूर्वी मॅकरॉन तसेच ठेवतात तेव्हा वरच्या थरातलं पाणी उडून साय धरल्यागत त्वचा तयार होते. कोरड्या हवेत अर्ध्या तासात होणारं काम मुंबई-ठाण्याच्या दमट हवेत कितीतरी लांबतं. एसी लावलेली खोली हाच उपाय. आणि बोट लावून पाहायचं ते खाचेपाशी, मधोमध नव्हे. खाचेपाशी थर जाड असतो, हवा कमी फिरते, म्हणून ती जागा सर्वांत उशिरा सुकते.

सुमारे १५० अंशांच्या ओव्हनमध्ये काय घडतं ते काचेतून बघण्यासारखं आहे. बुडबुड्यांतली हवा शंभर अंशांपर्यंत तापताना जेमतेम पाव पटीनं फुगते, खरा जोर वाफेचा असतो. वरची त्वचा ताणायला तयार नसते, म्हणून ती सगळीच वर उचलली जाते आणि खालच्या कडेनं मिश्रण बाहेर फुगून झालर येते. बेकरीवाले तिला ‘फीट’ म्हणतात. त्वचा कच्ची असेल तर वाफ वरून वाट काढते आणि मॅकरॉन फुटतो, बहुतेकदा दोन थेंब जुळलेल्या रेघेवरच. मग प्रथिनं घट्ट होतात. एक प्रथिन साठ अंशांच्या आसपासच, पण निम्म्याहून जास्त वाटा असलेलं ओव्हअल्ब्युमिन ऐंशी अंशांच्या पुढे. ते होण्याआधी ट्रे बाहेर काढला तर झालर बसते.

गुलाबी रंगासाठी कोकम वापरायचा मोह कोकणातल्या कुणालाही होईल. पण कोकमातलं रंगद्रव्य आम्लात गुलाबी दिसतं आणि अंड्याचा पांढरा भाग अल्कलीधर्मी असतो, शिळ्या अंड्याचा तर जास्तच. तिथे ते निळसर-करडं पडतं. मॅकरॉनच्या कवचाला जेलचा रंग वापरा आणि कोकम आतल्या सारणात घाला. मॅकरॉनच्या गोडपणाला ते आंबटपण सुंदर तोलतं.

सारण भरून मॅकरॉन एक दिवस बंद डब्यात फ्रिजमध्ये ठेवतात, ते सारणातला ओलावा कवचात मुरावा म्हणून. बाहेर काढल्यावर डबा लगेच उघडू नका. जूनमध्ये आपल्याकडे हवेचा दवबिंदू पंचवीस अंशांच्या आसपास असतो आणि फ्रिजमधलं कवच चार-पाच अंशांवर असतं. झाकण उघडताच त्यावर पाणी धरेल आणि साखर ते शोषून चिकट होईल. अर्धा-पाऊण तास डबा मिटलेलाच राहू द्या. सगळं पाणी झाकणाच्या बाहेरच्या बाजूला जमेल, ते फडक्यानं पुसून घ्या आणि मग उघडा.