धुक्यातला दिवा : आपल्यासाठी आणि समोरच्यासाठीही



गळीत हंगाम आणि धुक्याचे दिवस आपल्याकडे बरोबरच येतात. दिवाळी उरकते, टोळ्या फडात उतरतात, कारखान्याचा भोंगा पुन्हा ऐकू येऊ लागतो आणि त्याच सुमारास नदीकाठचे रस्ते पहाटे पांढरे होऊ लागतात. कृष्णाकाठ असो, पंचगंगेचा असो की भीमेचा, हे चित्र सारखेच. नेमकी हीच वेळ उसाच्या गाड्यांची. रात्री भरलेली ट्रॉली लवकर नंबराला लागावी म्हणून ड्रायव्हर तीन-चारच्या सुमाराला निघतो. त्याच रस्त्याने टायरगाड्या चाललेल्या असतात, डेअरीला दूध घालायला मोटारसायकलवाले निघालेले असतात, पहिली एस.टी. गाठायला पोरं निघालेली असतात आणि डोक्यावर भाकरीचं फडकं घेऊन तोडकरी माणसं फडाकडे चाललेली असतात. रस्ता एकच, आणि दिसत कोणालाच काही नाही.

अलीकडे आपल्या पुष्कळ वाहतूकदारांनी ट्रॅक्टरला आणि ट्रकला धुक्याचे दिवे, म्हणजे फॉग लाइट, बसवून घेतले आहेत. ही चांगलीच गोष्ट आहे. पण दिवा बसवला म्हणजे काम झाले असे नाही. चुकीच्या जागी बसवलेला किंवा नको तेव्हा लावलेला फॉग लाइट हा दिवा नसण्यापेक्षाही वाईट, कारण तो लावणाऱ्याला खोटा धीर देतो आणि समोरच्याला आंधळे करतो. म्हणून या विषयावर चार गोष्टी सविस्तर सांगाव्यात असे आम्हाला वाटले.

धुके आपल्याच रानात जास्त का?

धुके म्हणजे जमिनीला टेकलेला ढग. हवेतल्या वाफेचे अगदी बारीक थेंब तरंगत राहतात आणि नजर अडवतात. एक हजार मीटरच्या आतलेच दिसू लागले की हवामानशास्त्रात त्याला धुके म्हणतात. आभाळ निरभ्र, वारा पडलेला आणि रात्र मोठी असली म्हणजे जमीन लवकर निवते, तिच्यालगतची हवा गार होते आणि हवेतल्या ओलाव्याचे थेंब होतात. आता आपल्या भागात ओलावा कुठे कमी आहे? नदी आहे, कालवा आहे, पाट आहे, आदल्या संध्याकाळी पाणी पाजलेला ऊस आहे. त्यात दोन्ही बाजूंनी पुरुषभर ऊस उभा असला की मधल्या रस्त्यावर वारा शिरत नाही. म्हणून माळावर स्वच्छ दिसणारा रस्ता ओढ्याच्या उतारावर एकदम नाहीसा होतो. सगळ्यात दाट धुके सूर्य उगवण्याच्या आगेमागे असते. जवळपास कोणी पाचट पेटवले असेल तर त्या धुराने ते आणखी दाट होते. पाचट रानातच कुजवा असे शेती खाते सांगत असते, त्याला हे आणखी एक कारण.

अप्पर लावला की भिंत का उभी राहते?

दिसत नाही म्हटल्यावर माणूस पहिल्यांदा काय करतो? अप्पर मारतो. आणि समोर आणखीच पांढरी भिंत उभी राहते. कारण सोपे आहे. हेडलाइटचा अप्पर लांबवर आणि वर प्रकाश फेकतो. तो प्रकाश वाटेतल्या लाखो थेंबांवर पडतो आणि त्यातला बराचसा उलटून आपल्याच डोळ्यांत येतो. प्रकाश जेवढा जास्त, तेवढी भिंत पांढरी.

फॉग लाइटची करामत जास्त प्रकाश देण्यात नाही. त्याचा प्रकाश खाली, आडवा आणि पसरट पडतो. वरच्या बाजूला तो सुरीने कापल्यासारखा तुटतो, म्हणजे डोळ्यांच्या रेषेतल्या धुक्यावर तो पडतच नाही. त्यात रस्त्याची साइडपट्टी, कडेचे गवत, मैलाचा दगड आणि गाडीपुढचा थोडासा डांबरी तुकडा एवढेच दिसते. लांबचे दिसावे म्हणून हा दिवा नाही, हे पक्के ध्यानात ठेवावे. तो जवळचे दाखवतो, म्हणून त्याच्याबरोबर वेगही जवळचाच हवा. ताशी ४० किलोमीटरने जाणारी गाडी एका सेकंदात ११ मीटर पुढे जाते. समोर ३० मीटरच दिसत असेल, तर बघायला, समजायला आणि थांबायला मिळून तीन सेकंदही हातात नाहीत. आणि मागे उसाने भरलेल्या दोन ट्रॉल्या असल्या की ब्रेक दाबल्या जागी गाडी उभी राहत नाही, हे आपल्या ड्रायव्हर मंडळींना आम्ही सांगायला नको. जेवढे दिसते तेवढ्यात थांबता यावे, एवढाच वेग धुक्यात खरा.

दिवा कुठे बसवावा?

हेडलाइटच्या खाली, बंपरच्या उंचीला. ट्रॅक्टरला तो पुढच्या वजनांच्या बाजूला पट्टी मारून बसवता येतो. डावा-उजवा सारख्या उंचीवर असावा आणि नांगराच्या फाळासारखा घट्ट असावा, हलता कामा नये.

आजकाल ट्रॅक्टरच्या टपावर एल.ई.डी.ची लांब पट्टी लावायची हौस दिसते. लांबून बघितले तर लग्नाची वरात आली असे वाटते. ही पट्टी म्हणजे फॉग लाइट नव्हे. उंचावरून सोडलेला, वर न तुटणारा प्रकाश धुक्यात आपल्यालाच उलटा येतो आणि स्वच्छ रात्री समोरच्याच्या डोळ्यांवर पडतो. रानात नांगरट करताना तो कामाचा असेल, पण डांबरीवर आल्यावर तो बंद झालाच पाहिजे.

वायरिंगबद्दलही दोन शब्द. १२ व्होल्टच्या गाडीला ५५ वॅटचे दोन दिवे लावले तर सुमारे ९ अँपिअर करंट ओढला जातो. तेवढा करंट साध्या स्विचमधून नेला तर स्विच तापतो, वायर वितळते, आणि शेजारी वाळलेले पाचट अडकलेले असते. म्हणून मध्ये रिले टाकावा, १५ अँपिअरचा स्वतंत्र फ्यूज बॅटरीजवळ द्यावा आणि वायर अडीच चौरस मिलिमीटरपेक्षा बारीक नसावी. ट्रकची बॅटरी २४ व्होल्टची असते, तिला १२ व्होल्टचे बल्ब चालत नाहीत. फॉग लाइटला स्वतंत्र स्विच ठेवावा आणि ड्रायव्हरच्या समोर एक बारीक इंडिकेटर दिवा जरूर लावून घ्यावा. चार पैशांचे काम आहे, पण "दिवा चालू राहिलाय" ही आठवण तोच करून देतो.

भिंतीवरची परीक्षा

दिवा नीट लागला आहे की नाही, हे गॅरेजवाल्याच्या शब्दावर सोडू नये. सपाट जागेवर गाडी भिंतीपासून साडेसात मीटरवर, म्हणजे २५ फुटांवर, सरळ उभी करावी. जमिनीपासून दिव्याच्या मध्यापर्यंतची उंची मोजावी आणि तेवढ्याच उंचीला भिंतीवर खडूने आडवी रेघ मारावी. त्या रेघेच्या १० सेंटिमीटर, म्हणजे चार बोटांहून थोडी जास्त, खाली दुसरी रेघ मारावी. फॉग लाइट लावल्यावर प्रकाशाची वरची कडा या खालच्या रेघेवर यावी, वर चढू नये.

आता आपल्या कामाची खास गोष्ट. ही परीक्षा मोकळ्या गाडीवर करू नये, भरलेल्या गाडीवर करावी. ट्रॉलीचा भार हूकवर पडला की ट्रॅक्टरचे मागचे अंग दबते आणि नाक वर होते. ट्रकचेही तेच. मोकळ्या गाडीवर अगदी बरोबर लावलेला दिवा ऊस भरल्यावर थेट समोरच्याच्या डोळ्यांत बघतो. यार्डात नंबराची वाट बघत तास-दोन तास जातातच. त्या वेळात एखाद्या सपाट जागी, रांगेची अडचण न करता, भिंत आणि खडू एवढ्यावर हे काम होते.

पिवळा की पांढरा?

हा प्रश्न हमखास विचारला जातो. पिवळा प्रकाश धुके फोडतो अशी समजूत आहे. धुक्याचे थेंब प्रकाशाच्या लहरींपेक्षा कितीतरी पटींनी मोठे असतात, त्यामुळे ते पिवळा आणि पांढरा दोन्ही जवळजवळ सारखेच परतवतात. फ्रान्समध्ये १९३० च्या दशकापासून मोटारींना पिवळेच हेडलाइट लावावेत असा कायदा होता, १९९३ मध्ये तोही गेला. पिवळा प्रकाश काहींच्या डोळ्यांना सौम्य वाटतो, त्यांनी तो खुशाल लावावा. पण रंगापेक्षा दिव्याची उंची आणि प्रकाशाची वरची कडा महत्त्वाची. बल्ब पिवळा घेतला आणि दिवा टपावर लावला, तर उपयोग शून्य.

खरी गरज मागच्या बाजूला

पुढच्यास ठेच, मागचा शहाणा, अशी आपल्याकडे म्हण आहे. धुक्याच्या रस्त्यावर मात्र ती उलटी होते. इथे ठेच मागच्याला लागते. उसाची ट्रॉली पंधरा-वीसच्या वेगाने चाललेली असते, मागून मोटारसायकल पन्नासने येते. ट्रॉलीच्या मागे दिवा नाही, असला तर मोळ्यांची शेंडी त्यावर लोंबते आहे, रेडियमची पट्टी चिखलाने माखली आहे. मोटारसायकलवाल्याला ट्रॉली दिसते ती ऊस हाताला लागण्याइतकी जवळ आल्यावर. पुढे चार-चार फॉग लाइट आणि मागे काळोख, असली गाडी म्हणजे दिव्याखाली अंधार.

मोटार वाहन नियम, १९८९ प्रमाणे मागचा तांबडा दिवा १५५ मीटरवरून दिसला पाहिजे. म्हणून पैसे मोजके असतील तर आमचा सल्ला असा, की आधी मागची ट्रॉली उजळा, मग पुढचे फॉग लाइट. दोन ट्रॉल्या असतील तर शेवटच्या ट्रॉलीपर्यंत वायर न्यावी आणि रोज जोडणीच्या वेळी पिन बसली की नाही ते बघावे. रेडियमच्या पट्ट्या मागे तांबड्या आणि बाजूंनाही पिवळ्या लावाव्यात, कारण कारखान्याच्या फाट्यावर वळताना ट्रॉली रस्त्यात आडवी असते. हंगामाच्या सुरुवातीला रिफ्लेक्टर वाटले की ते घरी न नेता त्याच दिवशी लावावेत. टायरगाडीला तर रेडियम हाच दिवा. गाडीवानाला तो आपण होऊन मिळवून द्यावा.

मागे लावायचा तांबडा फॉग लाइटही मिळतो. तो साध्या टेल लाइटपेक्षा पुष्कळ प्रखर असतो, म्हणूनच धुके ओसरताच तो बंद करावा. नाहीतर मागच्याचे डोळे दिपतात, आणि आपण ब्रेक दाबला तरी त्या झगझगाटात ब्रेक लाइट वेगळा ओळखू येत नाही.

आणखी एक. ट्रॅक्टरच्या मडगार्डवर रानातल्या कामासाठी मागे तोंड केलेला पांढरा दिवा असतो. मोकळा ट्रॅक्टर परत जाताना तो पुष्कळदा तसाच चालू राहतो. मागून येणाऱ्याला वाटते, समोरून गाडी येते आहे. तो बाजू बदलायला जातो आणि घात होतो. पुढे पांढरा, मागे तांबडा, ही रस्त्याची साधी भाषा आहे. ती बिघडवू नये.

केव्हा लावावा, केव्हा विझवावा?

साधारण शंभर मीटरच्या पलीकडचे दिसेनासे झाले तरच फॉग लाइट लावता येतो, असा इंग्लंडच्या वाहतूक नियमावलीत दंडक आहे. आपल्याकडेही हाच धडा घ्यायला हरकत नाही. आपल्या नेहमीच्या रस्त्यावर शंभर मीटरचे अंतर एकदा दिवसा मोजून ठेवावे. कुठला खांब, कुठले झाड, हे ठरवून टाकावे. पहाटे ते झाड दिसत नसेल तर दिवा लावा. दिसू लागले की विझवा.

"अहो, दिवा चालू राहिला तर काय बिघडलं?" असे काही जण विचारतात. बिघडते ते समोरच्याचे. ओल्या रस्त्यावर फॉग लाइटचा प्रकाश आरशासारखा उडून समोरच्याच्या डोळ्यांत जातो. बैलाच्या डोळ्यांवर झोत पडला तर बैल बुजतो, आणि गाडीवर अडीच-तीन टनांचा भार असतो. समोरून टायरगाडी किंवा पायी माणसे दिसली की अप्पर तर नाहीच, वेगही उतरवावा. यार्डात समोरासमोर रांगा लागलेल्या असताना फक्त पार्किंगचे दिवे ठेवावेत.

चालत्या गाडीचे चारही इंडिकेटर लावून ठेवायची सवय पडली आहे, तीही सोडावी. आपण फाट्याला वळणार आहोत हे मागच्याला मग कळणार कसे? चार इंडिकेटर हे उभ्या गाडीसाठी.

आणि गाडी बंद पडलीच, तर ती डांबरीवरून जेवढी खाली घेता येईल तेवढी घ्यावी. मागचे दिवे चालू ठेवावेत, रिफ्लेक्टरचा त्रिकोण चांगला लांब मागे ठेवावा आणि एक माणूस बॅटरी घेऊन कडेला, रस्त्याच्या बाहेर उभा करावा. दगड आणि फांद्या मांडायची आपली जुनी पद्धत आहे, पण काम झाल्यावर गाडी निघून जाते आणि दगड तिथेच राहतात. दुसऱ्या पहाटे त्याच दगडावर कोणीतरी आपटतो.

शेवटी एवढेच

सभासद बंधूंनो, आपल्या उसाची गाडी आपण स्वतः चालवत नसलो, तरी ऊस आपला असतो आणि रस्ताही आपल्याच गावचा. गाडी भरून फडातून निघते तेव्हा बांधावर आपण उभे असतोच. त्या वेळी एकदा मागे फिरून बघावे. शेंडी दिव्यावर आली असेल तर कोयत्याने छाटावी, काचेवरचा चिखल फडक्याने पुसावा, ड्रायव्हरला म्हणावे, "दादा, मागचा दिवा लावून दाखव बरं." दोन मिनिटांचे काम आहे. टनेज घटत नाही, नंबर चुकत नाही. डेअरीकडे निघालेला जो कोणी त्या गाडीच्या मागे येणार आहे, तो आपल्याच भावकीतला किंवा शेजारच्या गावचा असतो. त्याला आपली ट्रॉली वेळेवर दिसली पाहिजे. हंगाम सुखरूप पार पडो, आणि निघालेली प्रत्येक गाडी आणि प्रत्येक माणूस घरी पोचो, हीच आमची सर्वांना कळकळीची विनंती आणि शुभेच्छा.