चाळ भरण्याआधी: कुठं चुकू शकतं, आधी काय दुरुस्त करायचं?



उन्हाळी कांदा चाळीत टाकला की चार-पाच महिने पैसा तिथंच अडकतो. सडल्यावर धावपळ करून उपयोग नसतो. म्हणून भरण्याआधीच चुका शोधायची एक पद्धत बघा. अमेरिकन सैन्याने 1949 मध्ये ती लिहून काढली, आज मोटार कारखान्यांत रोज वापरतात. नाव एफएमईए, काम साधं.

*कसं करायचं?*
घरची माणसं आणि भरणारे मजूर, सगळे मिळून बसा. काढणीपासून चाळीपर्यंत कुठं काय बिघडू शकतं ते लिहा. प्रत्येक चुकीला 1 ते 10 पैकी तीन गुण द्या:
1) नुकसान किती?
2) किती वेळा घडतं?
3) वेळेत लक्षात येणं किती अवघड? (अवघड तेवढे गुण जास्त)
तिन्हींचा गुणाकार करा. मोठा आकडा, ते काम आधी.

*उदाहरण (गुण नमुन्यादाखल):*
▪ मान ओली असताना भरणे: 8×6×7 = 336
▪ जोड, डेंगळे, कापलेले कांदे आत जाणे: 6×7×4 = 168
▪ पत्रा गळणे: 9×3×3 = 81
▪ ढीग 5 फुटांच्या वर: 7×5×2 = 70

भीती पत्र्याची वाटते, पण गळका पत्रा डोळ्याला दिसतो. ओली मान दिसत नाही; वास येईपर्यंत आजूबाजूचे कांदेही गेलेले असतात.

*मग उपाय:*
काढणीनंतर कांदा 3-4 दिवस शेतात पातीखाली झाकून सुकवा. इंच-दीड इंच मान ठेवून पात कापा. मग 10-12 दिवस सावलीत पातळ पसरून ठेवा. भरताना प्रत्येक ढिगातले दहा-वीस कांदे उचलून मान चिमटीत दाबा. मऊ किंवा ओलसर लागली तर तो ढीग थांबवा.

आता परत गुण द्या: 8×3×3 = 72. नुकसानीचा 8 तसाच राहिला. घडणं कमी झालं, लक्षात येणं सोपं झालं.

*एक सावधगिरी:* नुकसानीला 9 किंवा 10 गुण असतील तर गुणाकार लहान आला तरी ते काम सोडू नका. पत्र्याचे खिळे वळवाच्या पावसाआधी तपासाच.

हे आपल्या गावाला नवीन नाही. 1975 नंतर पाणलोटाचं काम सुरू झालं, तेव्हा गळका पाझर तलाव आधी दुरुस्त केला आणि खालच्या विहिरींना पाणी आलं. सगळीकडे थोडं थोडं करण्यापेक्षा मोठी गळती आधी बुजवली.

आज रात्री कागद-पेन घ्या, पाच चुका लिहा. कागदाचा फोटो ग्रुपवर टाका, म्हणजे एकाचं पाहून दुसऱ्याला सुचेल.

— आपली शेतकरी उत्पादक कंपनी, राळेगणसिद्धी (ता. पारनेर)