नकाशाच्या पडद्यावर सिनेमा? जरा थांबा!

दिल्लीच्या करोलबागेत नाईवाला भागात शिरलात, की मोटारीच्या साजशृंगाराची दुकानेच दुकाने. सीटकव्हर, स्पीकर, दिवे, काय हवे ते मिळते. नोएडा-गुडगावकडची मंडळीही नवी गाडी घेऊन इथे येतात. त्यात एक मागणी अशीही असते : 'कंपनीने दिलेल्या नकाशाच्या पडद्यावर सिनेमा दिसेल असे करून द्या!'

काम तसे अवघड नाही. पडदा आणि त्यामागचे यंत्र यांच्यामध्ये एक छोटी पेटी बसवली, की मोबाइल किंवा पेन ड्राइव्हवरचे चित्र पडद्यावर उमटते. काही नव्या गाड्यांत तर यूएसबीला डबी जोडली की झाले.

ग्यानबाची मेख पुढेच आहे. गाडी धावत असताना चित्र बंद राहावे, अशी सोय बहुतेक कंपन्यांनी मुद्दाम केलेली असते. हॅन्डब्रेक ओढला आहे का, चाके फिरताहेत का, हे यंत्राला कळते. ही सोय मोडायची म्हणजे यंत्राला 'गाडी उभी आहे' अशी खोटी खबर द्यायची. काही गाड्यांत मग नकाशाही जागच्या जागी अडकतो. म्हणजे सिनेमा मिळाला, पण वाट हरवली!

हिशेब करून पाहा. ताशी ८० किलोमीटर वेगाने गाडी एका सेकंदात २२ मीटर जाते. नायिकेकडे तीन सेकंद पाहिले, तर ६६ मीटर रस्ता डोळे मिटून कापल्यासारखाच.

कायदाही स्पष्ट आहे. २०१७ च्या वाहनचालन नियमांनुसार गाडी चालवताना चालकाने चित्रफीत पाहायची नाही; सवलत फक्त मार्ग पाहण्यापुरती. मार्च २०२५ मध्ये दादर-स्वारगेट ई-शिवनेरीचा चालक बस चालवताना मोबाइलवर क्रिकेटचा सामना पाहत होता. प्रवाशाने त्याचे चित्रण केले आणि चालकाची नोकरी गेली.

मग लांबच्या प्रवासात मुलांनी करायचे काय? त्यांच्यासाठी मागच्या सीटसमोर, चालकाला दिसणार नाही असा पडदा लावा. मात्र तो घट्ट बसवा, म्हणजे अचानक ब्रेक लागला तरी उडणार नाही. पुढच्या पडद्यात काही बदल करायचाच असेल, तर आधी सर्व्हिस सेंटरमध्ये विचारा. तारा कापून जोड दिला, तर त्या भागाची वॉरंटी नाकारली जाऊ शकते. आणि दुकानदाराला बजावून सांगा : 'हॅन्डब्रेकची तार तेवढी सोडा!' सिनेमा घरी पोचल्यावरही पाहता येतो.