एका गाण्याचे दोन कारागीर

बीटल्स या नांवाच्या इंग्रज गायकचौकडीची १९७० सालची शेवटची तबकडी कोणती, असा प्रश्न परीक्षेंत घातला तर बरोबर उत्तरें दोन येतील, आणि दोन्ही देणारांस आम्हांस पुरे गुण द्यावे लागतील. इंग्लंडांतला मनुष्य 'लेट इट बी' हें नांव सांगेल. ती तबकडी ६ मार्च १९७० रोजीं निघाली. अमेरिकेंतला मनुष्य 'द लाँग अँड वाइंडिंग रोड' म्हणेल. ती ११ मे १९७० रोजीं तेथें निघाली व इंग्लंडांत त्या रूपानें निघालीच नाहीं. येथें तबकडी म्हणजे दहाबारा गाण्यांची मोठी तबकडी नव्हे. प्रत्येक बाजूस एकेक गाणें असलेली, मिनिटास ४५ फेरे घेणारी लहान तबकडी आम्हांस अभिप्रेत आहे.

या दोन तारखांच्या मध्यें १० एप्रिल हा दिवस येतो. त्या दिवशीं पॉल मॅकार्टनी मंडळींतून बाहेर पडल्याची वार्ता वर्तमानपत्रांनीं जगास कळविली. अमेरिकेंतील तबकडी ही अशा रीतीनें घर मोडल्यावर दारांतून बाहेर आलेली आहे, आणि घर कां मोडलें याची एक खूण तिच्याच अंगावर आहे. म्हणून आम्ही तिच्याविषयींच विस्तारानें लिहीत आहों.

तत्पूर्वीं 'लेट इट बी'संबंधीं एक गैरसमज दूर करणें इष्ट होईल. त्यांत मेरी मातेचें नांव येतें, त्यावरून तें येशूच्या आईवरचें स्तोत्र असावें अशी ख्रिस्ती वाचकाची सहज समजूत होते. वास्तविक पॉलच्याच आईचें नांव मेरी. ती परिचारिका व सुईण होती, आणि पॉल चौदा वर्षांचा असतां १९५६ सालीं कर्करोगानें वारली. मंडळींतील बेबनावाच्या दिवसांत ती स्वप्नांत आली व तिनें धीर दिला, त्यावरून हें गाणें झालें, असें पॉलनें पुढें सांगितलें आहे. ज्यास तें स्तोत्र म्हणून ऐकावयाचें असेल त्यास त्याची हरकत नाहीं, आणि आमचीही नाहीं.

आतां दुसरें गाणें. 'लांबलचक वळणांचा रस्ता' असा त्याच्या नांवाचा सरळ अर्थ. पॉलचें स्कॉटलंडमध्यें एक शेत होतें. तेथें १९६८ सालीं या गाण्याचा उगम झाला. जानेवारी १९६९ मध्यें चौघे जण नव्या गाण्यांची तालीम करण्यास एकत्र जमले. अलीकडील तबकड्यांतून यंत्राच्या युक्त्या फार झाल्या. आतां चौघांनीं समोरासमोर बसून वाजवावें, वरून कांहीं चिकटवूं नये, असा त्यांचा संकल्प होता. संकल्प चांगला होता, पण मनें ठिकाणावर नव्हतीं. त्यांचा व्यवहार पाहणारा ब्रायन एपस्टाइन हा १९६७ च्या ऑगस्टांत वारला होता. जॉर्ज हॅरिसन १० जानेवारीस तालीम सोडून निघून गेला व कांहीं दिवसांनीं परत आला. २६ जानेवारीस लंडनमधील सॅव्हिल रो येथील तळघरांत प्रस्तुत गाणें मुद्रित झालें. पॉल पियानोवर बसून गात होता. बिली प्रेस्टन हा अमेरिकन पाहुणा विजेच्या पियानोवर साथ करीत होता. खर्जाचें तंतुवाद्य नेहमीं पॉल वाजवी, पण तो पियानोवर असल्यामुळें तें जॉन लेननच्या हातीं गेलें, आणि जॉनच्या हातून त्यांत अनेक चुका झाल्या. त्या आजही ऐकूं येतात.

तालीम संपली; फिती मात्र वर्षभर पडून राहिल्या. कोणासच त्या ऐकाव्याशा वाटेनात. अखेर १९७० च्या मार्च महिन्यांत त्या फिल स्पेक्टर नांवाच्या अमेरिकन निर्मात्याकडे सोंपविण्यांत आल्या. येथें मुद्रणाची एक गोष्ट समजून घेतली पाहिजे. त्या काळच्या रुंद फितीवर आठ समांतर पट्टे असत. एका पट्ट्यावर कंठ, दुसऱ्यावर पियानो, तिसऱ्यावर ढोल, असे स्वर निरनिराळे सांठवितां येत. मोकळ्या पट्ट्यावर मागाहून वाटेल तें भरतां येई, आणि तें भरणारा व मूळचा गाणारा यांची गांठही पडण्याचें कारण नसे. निबंधाच्या वहींत दोन ओळींच्या मध्यें तांबड्या शाईनें लिहितात, तसाच हा प्रकार.

१ एप्रिल १९७० रोजीं सायंकाळीं ॲबी रोड येथील मोठ्या दालनांत स्पेक्टरनें ही तांबडी शाई सढळ हातानें वापरली. १८ व्हायोलिनें, ४ व्हायोला, ४ चेलो, तुताऱ्या, एक हार्प, आणि १४ स्त्रियांचा गायकवर्ग! स्वररचना रिचर्ड ह्यूसन याची होती. बीटल्सपैकीं फक्त रिंगो स्टार हजर होता व त्यानें ढोल वाजविला. आदल्याच दिवशीं तो पॉलच्या घरीं गेला होता. पॉलची स्वतंत्र तबकडी थोडी पुढें ढकलावी, असा इतरांचा निरोप त्याजकडे होता, आणि पॉलनें रागानें त्यास घराबाहेर काढलें होतें. चौघांत सर्वांचा मित्र असा हा एकच. त्यास आदल्या दिवशीं ती वागणूक आणि दुसऱ्या दिवशीं त्याच मित्राच्या गाण्यावर ढोल! त्या वेळीं चौघांपैकीं एकासही तीस वर्षें पुरीं झालीं नव्हतीं, हें वाचकांनीं ध्यानांत ठेवावें.

पॉलला या भरीची वार्ता आधीं नव्हती. गाणें ऐकल्यावर त्यानें १४ एप्रिल रोजीं व्यवस्थापक ॲलन क्लाइन यास पत्र लिहिलें. तंतुवाद्यें, तुताऱ्या व स्त्रियांचे आवाज कमी करावे, शेवटचा हार्प काढावा, मूळ पियानो परत आणावा, आणि असें पुन्हां कधींही करूं नये, अशा त्याच्या मागण्या होत्या. एकही मान्य झाली नाहीं. क्लाइनला इतर तिघांनीं नेमिलें होतें व पॉलनें कधींच मानिलें नव्हतें. तेव्हां भांडण हार्पाचें दिसलें तरी मूळ तेथें होतें. ३१ डिसेंबर १९७० रोजीं भागीदारी मोडण्यासाठीं पॉलनें लंडनच्या उच्च न्यायालयांत दावा लाविला, आणि आपल्या गाण्यांत विचारल्यावांचून केलेला हा फेरफार त्याच्या कारणांत नमूद केला. १२ मार्च १९७१ रोजीं न्यायालयानें रिसीव्हर नेमिला. भागीदारी कायद्यानें संपली ती १९७५ च्या जानेवारींत.

स्पेक्टरची बाजू अगदींच पोकळ नव्हती. जॉनच्या चुका झांकणें भाग होतें, असें त्याच्या वतीनें सांगतात. आणि वाईट मुद्रण झालेल्या ढिगाऱ्यांतून त्यानें कांहीं तरी उभें केलें, असें जॉनचें मत होतें. लोकांसही गाणें आवडलें. १३ जून १९७० रोजीं तें अमेरिकेच्या यादींत पहिलें आलें, आणि तेथें पहिलें आलेलें बीटल्सचें तें विसावें व अखेरचें गाणें ठरलें. तरी आम्ही दोन्ही रूपें ऐकलीं आहेत, व आमचें मत पॉलकडे झुकतें. एकटेपणाचें गाणें चौदा बायकांच्या मेळ्यांत कसें साधणार? शिवाय विद्यार्थ्याच्या वहींत त्यास न विचारतां आम्हींही पुष्कळ खोडून लिहिलें आहे, त्यामुळें हें प्रकरण वाचतांना आम्हांस थोडें अवघडल्यासारखें होतें.

या तबकडीची दुसरी बाजू जॉर्जच्या 'फॉर यू ब्लू' या गाण्याची आहे. बीटल्सच्या लहान तबकडीवर जॉर्जचें गाणें प्रथम आलें तें 'दि इनर लाइट', मार्च १९६८ मध्यें. त्याची साथ त्याच वर्षीं जानेवारींत आपल्या मुंबईस, एच्. एम्. व्ही. कंपनीच्या मुद्रणगृहांत, हिंदी वादकांकडून मुद्रित झाली होती. हें आमच्याकडच्या फार थोड्यांस ठाऊक असतें.

पॉलनें आपला हट्ट सोडला नाहीं. १७ नोव्हेंबर २००३ रोजीं 'लेट इट बी... नेकेड' या नांवानें त्या जुन्या फिती नव्यानें मांडून प्रसिद्ध झाल्या. जॉन १९८० सालीं खुनाला बळी पडला होता व जॉर्ज २००१ सालीं वारला होता. या नव्या मांडणींत 'द लाँग अँड वाइंडिंग रोड' आहे, परंतु तें २६ जानेवारीचें नव्हे; ३१ जानेवारी १९६९ रोजीं त्यांनीं तेंच पुन्हां गाइलें होतें, तें घेतलें आहे. त्यांत पियानो आहे, बिली प्रेस्टन आहे, रिंगो आहे. हार्प नाहीं.