एका तारेची जागा

अ‍ॅम्प्लिफायर जिवंत आहे की नाही, हे पाहायची रेडिओ दुरुस्त करणाऱ्यांची एक जुनी रीत आहे. स्पीकर जोडायचा, आवाजाचं बटण निम्म्यावर ठेवायचं आणि इनपुटच्या तारेला बोट लावायचं. स्पीकर ‘घुंऽऽ’ करून उठला की समजायचं, आतलं सगळं जागेवर आहे. तो आवाज घरातल्या वायरिंगचा. भिंतीतली वीज सेकंदाला ५० हेलकावे घेते, आपलं अंग ते हेलकावे अँटेनासारखं पकडतं आणि बोटातून आत सोडतं. (ट्रान्सफॉर्मरवर किंवा बॅटरीवर चालणाऱ्या, कमी व्होल्टच्या सेटवरच हे करावं. काही जुन्या सेटमध्ये मेन्सची वीज थेट आत खेळवलेली असते. तिथे बोट घालणं जिवावर बेततं.)

अकरावीच्या दिवाळीच्या सुट्टीत साताऱ्याला मी माझा पहिला अ‍ॅम्प्लिफायर जोडला. तो बोट न लावताच घुमत होता. गाणं वाजायचं, पण गाण्याच्या खाली सतत ती घुं. लक्ष्मीपूजनापासून तुळशीच्या लग्नापर्यंत मी तिच्यामागे लागलो होतो. त्या दिवसांत जे कळलं, ते पुढे इंजिनिअरिंगच्या वर्गात सूत्रांच्या रूपाने पुन्हा भेटलं. समजलं मात्र त्या घुंमुळेच.

अ‍ॅम्प्लिफायर आवाज मोठा करतो असं आपण म्हणतो. ते तितकंसं खरं नाही. उसाला पाणी देताना दारं धरणारा माणूस आठवा. पाट भरून वाहत असतो. तो फावड्याने चार ढेकळं इकडची तिकडे करतो आणि सगळं पाणी एका सरीतून दुसऱ्या सरीत वळतं. पाणी त्याच्या दंडातून येत नाही, ते कालव्याचं असतं. त्याची फक्त हालचाल. फोनमधून किंवा टेपमधून येणारा सूर हा तो दारं धरणारा आहे. त्याची ताकद व्होल्टच्या काही दशांशांपुरती. स्पीकरचा कोन ढकलणारा करंट येतो तो ट्रान्सफॉर्मरमधून. म्हणजे स्पीकरमधून आपण ऐकतो ती आपल्याच पॉवर सप्लायची वीज, गाण्याच्या तालावर कमीजास्त सोडलेली. पाट गढूळ असेल तर सरीत गढूळच पाणी जाणार. हे एकदा मनात बसलं की बोर्डावरचा प्रत्येक पार्ट तिथे का आहे, ते आपोआप उलगडत जातं.

मी घेतली होती टीडीए २०३० ही आयसी. आजही पुण्यात बुधवार पेठेत तापकीर गल्लीकडे किंवा मुंबईत ग्रँट रोड स्टेशनजवळच्या लॅमिंग्टन रोडवर तिचा बोर्ड मागितला तर दुकानदार दुसरा प्रश्न विचारत नाही. ४४४० च्या बोर्डाचंही तसंच. गावोगावच्या टेप आणि डेकमध्ये तो इतका बसला की नुसत्या आकड्यानेच ओळखला जातो. पण शिकायला २०३० बरी. पाच पाय, पाठीला धातूची पट्टी, बस्स. पहिला पाय इनपुटचा, दुसरा आउटपुटकडून माघारी आलेल्या सिग्नलचा, तिसरा ऋण, चौथा आउटपुट, पाचवा धन. पाठीची पट्टी आतून तिसऱ्या पायाला जोडलेली असते. ही एवढी गोष्ट लक्षात न राहिल्याने किती आयसी जळाल्या असतील!

दुकानात बहुतेक जण १२-०-१२ चा ट्रान्सफॉर्मर हातात देतात आणि त्यावर धन-ऋण असा दुहेरी सप्लाय करायला सांगतात. पहिल्यांदा करणाऱ्याने तसं करू नये, असं माझं ठाम मत आहे. १२ व्होल्ट एसी म्हणजे शिखराला जवळपास १७ व्होल्ट. डायोड ०.७ व्होल्ट खातो, उरतात १६ च्या वर. पण ट्रान्सफॉर्मरवर भार नसला की तो छापलेल्यापेक्षा जास्त व्होल्ट देतो, आणि रात्री मेन्सचं व्होल्टेज चढलं की आणखी. २०३० ची कमाल मर्यादा आहे धन-ऋण १८. म्हणजे ती कड्याच्या टोकावर उभी. त्याच ट्रान्सफॉर्मरची मधली तार ग्राउंड करून, कडेच्या दोन तारांवर एकेक डायोड लावून एकेरी सप्लाय घेतला, की १६-१७ व्होल्ट मिळतात आणि आयसीला ३६ पर्यंतची मोकळीक राहते. शिवाय पाठीची पट्टी ग्राउंडला येते, त्यामुळे हीटसिंकखाली अभ्रकाचा तुकडा घालावा लागत नाही. आउटपुटला कपॅसिटर येतो, त्यामुळे आयसी गेली तरी डीसी करंट स्पीकरमध्ये शिरून त्याची कॉइल जाळत नाही. दणका थोडा कमी मिळतो. आठ ओहमच्या स्पीकरवर दोन-अडीच वॉट, चार ओहमवर साधारण दुप्पट. बारा बाय दहाच्या खोलीला तेवढं पुष्कळ झालं.

त्या आउटपुट कपॅसिटरवर काटकसर करू नये. २२०० मायक्रोफॅरड आणि आठ ओहम यांचं गणित मांडलं तर खालची सीमा ९ हर्ट्झच्या आसपास येते. डग्ग्याचा घुमारा पूर्ण जातो. तिथे २२० चा लावला की सीमा चढून ९० वर जाते, आणि तबला ऐकताना कळत नाही नेमकं काय चुकतंय, पण डावा हात कुणीतरी बांधून ठेवल्यासारखा वाटतो.

आयसीची स्वतःची ताकद प्रचंड असते, सिग्नल सुमारे तीस हजार पटीने मोठा करण्याइतकी. आपण ती ३३ पटीवर आणतो. कशी? चौथ्या पायावरून १५० किलोओहमचा रेझिस्टर दुसऱ्या पायाकडे माघारी आणायचा आणि तिथून ४.७ किलोओहम, एका कपॅसिटरमधून, ग्राउंडला. दीडशेला ४.७ ने भागा, एक मिळवा: ३३. हातात असलेली ताकद अशी मुद्दाम टाकून का द्यायची, हा प्रश्न मला तेव्हा फार छळायचा. त्याचं उत्तर २ ऑगस्ट १९२७ रोजी न्यूयॉर्कमध्ये एका माणसाला नावेत सुचलं. हॅरॉल्ड ब्लॅक हे बेल लॅबोरेटरीजमधले इंजिनिअर. लांब पल्ल्याच्या टेलिफोनच्या तारांवर एकामागून एक अ‍ॅम्प्लिफायर बसवावे लागत आणि प्रत्येकाचा दोष पुढच्याच्या दोषात मिसळत जाई. हडसन नदी ओलांडून कामावर जाताना ब्लॅक यांना सुचलं की बाहेर पडलेला सिग्नल थोडा माघारी आणून आत आलेल्याशी ताडून पाहायचा. जो फरक असेल तो दोष, आणि तो तिथल्या तिथे वजा करायचा. त्यांनी आकृती काढली ती हातातल्या न्यूयॉर्क टाइम्सच्या पानावर. पेटंट मिळायला पुढे नऊ वर्षं गेली, इतकी ती कल्पना तेव्हा उलटी वाटत होती. आपल्या बोर्डावरचा तो १५० किलोओहमचा, तांदळाच्या दाण्याहून थोडा मोठा रेझिस्टर हेच काम करतो.

आता डाग द्यायचं काम. ज्यांनी दारात बसलेला कल्हईवाला पाहिला आहे, त्यांना सोल्डरिंग शिकवावं लागत नाही. भांडं आधी तापवायचं, नवसागराने त्याचा मळ उडवायचा आणि मग कथील फिरवायचं. ते आपोआप पसरतं. इथेही तेच. तापवायचं ते कथील नव्हे, तर पार्टचा पाय आणि बोर्डावरचं तांबं. सोल्डरच्या तारेच्या पोटात राळ असते, ती मळ उडवते. १८३ अंशांच्या वर गेलं की साठ-चाळीसचं कथील-शिसं वितळू लागतं आणि पायाभोवती चढून बसतं. डाग चकचकीत आणि शंकूसारखा हवा. गोळी होऊन नुसता टेकलेला असेल तर तो ‘ड्राय’. आज वाजेल, पंधरा दिवसांनी खरखरेल. नवसागर मात्र इथे चालत नाही, तो पुढे तांबं खातो. आणि सोल्डरमध्ये शिसं असतं, तेव्हा फराळाला बसण्याआधी हात साबणाने धुवावेत.

दोन छोटे पार्ट लोक गाळतात. पाचव्या पायाला अगदी चिकटून ग्राउंडकडे एक ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, आणि आउटपुटवर एक ओहम आणि ०.२२ मायक्रोफॅरडची जोडी. ही जोडी ओटो झोबेल यांच्या नावाने ओळखली जाते. ती नसली की आयसी कधी कधी कानाला ऐकू न येणाऱ्या वरच्या पट्टीत स्वतःच गाऊ लागते. स्पीकर गप्प, आणि हीटसिंकला हात लावावा तर चटका!

माझ्या बोर्डावर हे सगळं होतं. तरीही घुं. सप्लायचा कपॅसिटर छोटा असेल असं वाटलं. १००० काढून ४७०० लावला, मग १०,००० चा. घुं तसूभरही हलली नाही. शेवटी गल्लीच्या तोंडाशी रेडिओ दुरुस्त करणाऱ्या काकांकडे बोर्ड घेऊन गेलो. त्यांनी आधी नुसतं ऐकलं. मग म्हणाले, “ही पन्नासची नाय, शंभराची हाय.”

“काका, कशावरून?”

“पन्नासची मऊ असती. ही चावतीय बघ.”

पुढे मी हे हार्मोनियमवर ताडून पाहिलं. १०० हर्ट्झ म्हणजे खर्जातल्या पांढरी पाच आणि काळी चार यांच्या मधली जागा, पांढरीला जवळची. ५० त्याच्या बरोबर एक सप्तक खाली. हवेतून किंवा बोटातून शिरते ती ५० ची, साधी गोल. डायोडमधून गेलेल्या विजेचे दोन्ही हेलकावे एकाच बाजूला येतात, म्हणून तिथे १०० होतात, आणि त्यांचा आकार करवतीच्या दात्यासारखा असल्याने त्यात वरचे स्वरही मिसळलेले असतात. हार्मोनियमच्या पट्टीवर जुळवलेल्या तानपुऱ्यात ही घुं बसत नाही, म्हणूनच ती इतकी टोचते.

काकांनी बोर्ड उलटा केला आणि इनपुटची ग्राउंड तार बोटाने दाखवली. मी ती ट्रान्सफॉर्मरच्या मधल्या तारेपाशी डागली होती, कारण ती जागा जवळ होती आणि ग्राउंड म्हणजे ग्राउंड, असं मी समजत होतो.

“या पट्टीतनं अजून कोण कोण जातंय, ते सांग,” काका म्हणाले.

जात होता तो कपॅसिटर भरणारा करंट. तो संथ वाहत नाही. सेकंदाला शंभर वेळा झटक्याने येतो, आणि सरासरीच्या कितीतरी पट असतो. बोर्डावरची एक मिलिमीटर रुंद, पाच सेंटिमीटर लांब तांब्याची पट्टी म्हणजे ओहमचा साधारण चाळिसावा भाग. नगण्यच. पण ०.४ अँपिअरचा झटका तिच्यातून गेला की दोन टोकांत १० मिलिव्होल्टचा फरक पडतो. तो फरक माझ्या सिग्नलच्या वाटेत उभा होता. ३३ ने गुणा. स्पीकरवर एक तृतीयांश व्होल्टची घुं. कपॅसिटर मोठा करून मी झटके कमी केलेच नव्हते, उलट तीव्र केले होते.

काकांनी ती तार उचलली आणि कपॅसिटरच्या पलीकडे, जिथे १५० किलोओहमच्या साखळीचं ग्राउंड होतं, तिथे डागली. अंतर असेल चार बोटं. मग बोर्ड सिरीज दिव्यावर लावला. हा साठ वॉटचा बल्ब मेन्सच्या वाटेत असला की बोर्डात काही शॉर्ट असेल तर आयसीऐवजी बल्ब पेटतो. बल्ब क्षणभर लुकलुकला आणि विझला. मीटर चौथ्या पायावर आठ व्होल्ट दाखवत होता, सप्लायच्या बरोबर निम्मे. कपॅसिटरपलीकडे शून्य. स्पीकर जोडला. काहीच ऐकू येईना. मला वाटलं, बंदच पडला. काकांनी माझं बोट धरून इनपुटला टेकवलं.

घुंऽऽ.

त्यानंतर बरेच बोर्ड जोडले. आता नखाएवढ्या आयसीवर पाच व्होल्टवर चालणारे तयार बोर्ड मिळतात, त्यांना हीटसिंकही लागत नाही. ते वापरावेत, आमच्या स्वयंपाकघरातल्या रेडिओत तोच आहे. पण साताऱ्याचा तो २०३० अजून चालू आहे, स्टीलच्या जुन्या डब्यात बसवलेला. डब्याचं ग्राउंड एकाच जागी, इनपुटच्या सॉकेटपाशी. रात्री रस्ता शांत झाला की कधी कधी इनपुट मोकळं न ठेवता शॉर्ट करतो आणि कान स्पीकरच्या कोनाला टेकवतो. घुं नाही. अगदी बारीक, पावसाच्या भुरभुरीसारखी सरसर येते. तीही शोधावी म्हणून बसलो होतो एकदा, मग वाचलं की ती कुठल्याच चुकीच्या तारेची नसते. रेझिस्टरचं तापमान निरपेक्ष शून्याच्या वर असलं, मग ते नुसतं खोलीइतकं का असेना, की त्यातले इलेक्ट्रॉन आपापले धडपडत असतात. त्यांचाही तीत वाटा असतो. जॉन जॉन्सन यांनी बेल लॅबोरेटरीजमध्ये १९२८ साली ते मोजून दाखवलं. हे वाचल्यापासून ती सरसर मी तशीच राहू दिली आहे.