कर्बाम्लवायूचे नळ

पुणें शहराला नळाची ओळख जुनी आहे. अठराव्या शतकाच्या मध्यास नानासाहेब पेशव्यांनीं कात्रजच्या तलावांतून दगडी नळ काढून शहरांतील हौदांत पाणी खेळविलें. मुंबईहून घाट चढून येणाऱ्या नळांतून पेट्रोल व डिझेल लोणी काळभोरच्या टांक्यांत येतें. आतां पुष्कळ घरांत स्वयंपाकाचा वायुहि नळानेंच चुलीपर्यंत पोंचतो. हे तिन्ही नळ माणसाला हवी असलेली वस्तु त्याच्या दाराशीं आणतात. ज्या नळांविषयीं अलीकडे अनेक देशांत खल चालू आहे, त्यांचें काम याच्या उलट आहे. नको असलेली वस्तु कारखान्याच्या दारांतून उचलावयाची व दूर नेऊन जमिनींत गाडावयाची. ती वस्तु म्हणजे कार्बन डायऑक्साइड, जुन्या क्रमिक पुस्तकांतला कर्बाम्लवायु.

सोड्याच्या बाटलींत फसफसतो तो हाच. थोडा असला तर निरुपद्रवी. पण कोळसा व तेल जाळून माणसानें तो हवेंत इतका मिसळला आहे कीं पृथ्वीचें हवामान तापूं लागलें आहे. त्याचा हिशेब सोपा आहे. १२ भार कर्बाला ३२ भार प्राणवायु मिळून ४४ भार कर्बाम्लवायु होतो. म्हणजे एक टन शुद्ध कर्ब जाळला कीं साडेतीन टनांहून अधिक वायु धुराड्यांतून बाहेर पडतो. जळणापेक्षां धुराचें वजन अधिक, हें प्रथम ऐकणाराला खोटें वाटतें. पण तें अधिक वजन हवेंतूनच आलेलें असतें. सिमेंटची गोष्ट याहून अवघड आहे. १०० भार चुनखडी भाजली कीं ५६ भार चुना उरतो आणि ४४ भार वायु उडून जातो. भट्टी उद्यां सूर्याच्या उष्णतेवर चालविली तरीहि दगडांतला हा वायु निघावयाचाच. विजेसाठीं कोळशाला दुसरे पर्याय सांपडत आहेत. चुनखडीच्या या गणिताला मात्र पळवाट नाहीं. वायु पकडण्याची खरी निकड येथें आहे.

पकडावयाचा कसा? कोळशाच्या धुरांत तो शेंकडा बारा ते चौदाच असतो. अमाइन नांवाचीं द्रव्यें मिसळलेल्या पाण्यांतून धूर नेला म्हणजे तें पाणी नेमका हाच वायु शोषतें. पुढें तें तापविलें कीं वायु सुटून निराळा मिळतो. तापविण्याला वाफ लागते व तितकी वीज कमी पडते, ही त्याची किंमत. ही किंमत कमी व्हावी म्हणून अनेक प्रयोगशाळा खपत आहेत. पुण्याची १९५० सालीं उघडलेली राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळाहि त्यांत आहे. ती पाषाण येथें आहे, आणि पुढील कथेचा शेवटहि पाषाणांतच व्हावयाचा आहे.

पकडलेला एक टन वायु मोकळ्या हवेंत पांचशें घनमीटरांहून अधिक जागा व्यापतो. तोच हवेच्या दाबाच्या शंभरपटींहून अधिक दाबला तर एकदोन घनमीटरांत मावतो व जवळजवळ द्रवासारखा वाहूं लागतो. म्हणून त्याचे नळ जाड पोलादाचे व भारी दाबाचे असतात. आंत पाण्याचा अंश राहतां कामा नये. पाणी व हा वायु मिळून सौम्य अम्ल होतें आणि तें पोलाद खातें. प्रत्येक कारखान्याचा स्वतंत्र नळ परवडत नाहीं; ओढे नदीला मिळावेत तसे लहान नळ एका मोठ्या नळाला जोडावे लागतात. भारताच्या नीती आयोगानें २०२२ सालच्या अहवालांत असेच कारखान्यांचे समूह करण्याचा मार्ग सुचविला आहे.

ही विद्या नवी नाहीं. अमेरिकेंतील टेक्सास प्रांतांत १९७२ पासून असा नळ चालू झाला. मात्र हेतु हवा शुद्ध करण्याचा नव्हता, म्हाताऱ्या विहिरींतून उरलेलें तेल रेटून काढण्याचा होता. पन्नास वर्षांत तेथें आठ हजार किलोमीटरांच्या आसपास नळ झाले. त्यांतील एकाची हकीकत सर्वांनीं ऐकण्यासारखी आहे. मिसिसिपी प्रांतांत सातार्टिया नांवाचें खेडें आहे. नांव साताऱ्याच्या शेजारचें वाटावें असें. २२ फेब्रुवारी २०२० रोजीं संततधारेनें सैल झालेली टेकडीची माती घसरली व नळ फुटला. हा वायु हवेच्या दीडपट जड. तो वर न उडतां सखल जागा शोधीत गांवाकडे आला. मोटारींचीं यंत्रें प्राणवायूवांचून बंद पडलीं. माणसें रस्त्यांतच बेशुद्ध झालीं, पंचेचाळीस जणांना रुग्णालय गांठावें लागलें. सुदैवानें कोणी दगावलें नाहीं. स्वयंपाकाच्या वायूंत मुद्दाम दुर्गंध मिसळतात, त्यामुळें गृहिणीला गळती तत्काळ कळते. शुद्ध कर्बाम्लवायु दिसत नाहीं व त्याला वासहि नाहीं.

घाटांत पावसाळ्यांत दरडी कोसळतात हें पुणेकरांस सांगावयास नको. आणि नळ जमिनीखालून गेला तरी ती जमीन कोणाची तरी असतेच. ९ ऑगस्ट २०११ रोजीं पवना धरणाचें पाणी पिंपरी-चिंचवडला नेणाऱ्या बंद नळाविरुद्ध मावळांत आंदोलन झालें व पोलिसांच्या गोळीबारांत तीन शेतकरी मरण पावले. तो नळ साध्या पाण्याचा होता. विषारी समजल्या जाणाऱ्या वायूचा नळ नेणारांनीं बांधाबांधावर जाऊन आधीं बोलावें, मग मोजणीचे दगड रोवावेत.

परंतु सर्वांत मोठा प्रश्न नळाच्या शेवटच्या टोकाचा आहे. नॉर्वेनें १९९६ पासून समुद्रतळाखालच्या वालुकाश्मांत हा वायु सांठविला आहे. महाराष्ट्राच्या बहुतेक भागाखालीं मात्र साडेसहा कोटि वर्षांपूर्वींच्या लाव्ह्याचा काळा फत्तर, म्हणजे बसाल्ट पसरला आहे. आइसलंडांतहि बसाल्टच. तेथें २०१२ सालीं वायु पाण्यांत विरघळवून खडकांत सोडला, आणि शेंकडा पंचाण्णव वायूचा दोन वर्षांच्या आंत घट्ट खडूसारखा दगड झाला. दगड झालेला वायु पुन्हां गळत नाहीं, हा त्यांतला मोठा लाभ. पण त्या रीतीनें एक टन वायूला सुमारे पंचवीस टन पाणी लागतें. पुरंदर-इंदापूरच्या माणसाला तो आंकडा ऐकवून पाहावा! समुद्राचें पाणी वापरण्याचे प्रयोग आइसलंडांत झाले आहेत. ते यशस्वी ठरले तर थळचा खतकारखाना किंवा डोलवीचा पोलादकारखाना यांसारख्या कोंकणांतील ठिकाणांना आंखूड नळ पुरेल, घाट चढण्याचें कारण नाहीं. चंद्रपूरचीं वीजकेंद्रें व सिमेंटच्या भट्ट्या यांची स्थिति निराळी. त्या काळ्या फत्तराच्या पूर्वेकडील कडेबाहेर आहेत, व तेथून पश्चिमेकडे लांब नळ काढावा लागेल.

आणि कोयना विसरतां येत नाहीं. ११ डिसेंबर १९६७ च्या पहांटेच्या भूकंपाचा संबंध शास्त्रज्ञ जलाशयाच्या पाण्याच्या भाराशीं व खडकांत मुरलेल्या पाण्याशीं जोडतात. फटींत दाबानें द्रव भरणें म्हणजे तशाच तऱ्हेचा हस्तक्षेप होय. त्या भूकंपांच्या अभ्यासासाठीं कऱ्हाडच्या प्रयोगशाळेनें कोयनेच्या परिसरांत तीन किलोमीटर खोल विवर खणलें. सुमारे सव्वा किलोमीटर फत्तर संपल्यावर त्याखालीं ग्रॅनाइट लागला. अशीं विवरें आणखी चार ठिकाणीं खणून, त्यांत थोडा वायु सोडून व वर्ष-दोन वर्षें आसपासच्या विहिरींचें पाणी तपासून मगच नळाची आंखणी करणें शहाणपणाचें. नळ घालण्याचें काम त्या मानानें सोपें आहे. तें एकदोन हंगामांत होऊं शकतें.